आधी शेवटचं शेत

परभणीच्या गाडीत माझ्या पायाशी एक खोकं होतं आणि त्यात वीस टॅब होते. जालन्याला चढलेल्या एक बाई माझ्यासमोर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांची नजर पुन्हा पुन्हा खोक्याकडे जात होती. सेलू मागे पडल्यावर त्यांना राहवलं नाही.

"काय हाय यात?"

"टॅब आहेत. शाळेतल्या मुलांसाठी. त्यात एक खेळ आहे."

"पोरांना खेळ शिकवायला जायलाव?"

"नाही. खेळातून गणित शिकवायला."

त्या थोडा वेळ हसल्या, मग गंभीर झाल्या. "खेळ कुणाला शिकवावा लागत न्हाई. अन् शिकायचं मनलं की पोरगं खेळत न्हाई. बगा बाई, जमतंय का." आणि त्यांनी ओंजळभर शेंगदाणे माझ्या हातात ओतले. अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही, हे मला लहानपणापासून शिकवलेलं आहे. मी ते सगळे खाल्ले. खिडकीबाहेर धुकं होतं, धुक्यात कणसांवर आलेली ज्वारी उभी होती, आणि सगळा प्रदेश अजून पूर्ण जागा झालेला नव्हता. मीही नव्हते.

खेळ नीरजाने आणि मी केला होता. पुण्यातल्या एका खोलीत, तीन वर्षं खपून. संगणकाचं काम तिचं, चित्रं आणि रचना माझी. खेळात एक तलाव आहे, तलावातून निघालेला कालवा आहे आणि कालव्याच्या काठी सहा शेतं आहेत. प्रत्येक शेत आपल्याला तलावातलं किती पाणी हवं ते सांगतं: एक छेद चार, एक छेद सहा. तलावाजवळच्या शेतापासून सुरुवात करायची आणि प्रत्येकाचं दार बरोबर तेवढंच उघडायचं. बरोबर आलं तर बांधावरचा बेडूक हसतो, आणि ठरलेल्या वेळात आलं तर तारा मिळतो. चुकलं तर बेडूक डोळे पुसतो.

हे सगळं मला का सुचलं तेही सांगून टाकते. मी इंग्रजी माध्यमात शिकले. अपूर्णांक मी पिझ्झाच्या तुकड्यांवर शिकले, प्रत्यक्ष पिझ्झा खाण्याच्या कितीतरी वर्षं आधी, आणि ते मला कधीच नीट कळले नाहीत. पण मी वर्गात हात वर केला नाही. आपलं चुकलेलं कुणाला दिसू नये, एवढीच धडपड असायची. आमच्या खेळात चुकलं तर ते फक्त बेडकाला कळतं. मला वाटायचं, लहानपणी मला असा एक बेडूक मिळायला हवा होता.

एका संस्थेला हा खेळ मराठवाड्यातल्या शाळांना द्यायचा होता, पण तो खरंच शिकवतो का हे आधी पाहायचं होतं. मुलांनी आधी कागदावर अपूर्णांकांची गणितं सोडवायची, मग आठ दिवस खेळायचं, मग तसाच दुसरा कागद सोडवायचा. दोन कागदांत फरक दिसला तर खेळ शाळाशाळांत जाणार होता. नाही दिसला तर आमची खोली बंद करायची, हे नीरजाने आणि मी न बोलताच ठरवलेलं होतं. तिने मला पाठवलं. म्हणाली, "मी गेले तर बोलत बसेन. तू बघशील."

गंगाखेड

गंगाखेडला मी पोचले तेव्हा ऊसतोड जोरात होती. कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक डुलत चालल्या होत्या, रस्त्यावर पडलेलं कांडं शाळेत जाणारं पोर उचलून दातानं सोलत होतं, आणि हवेत उकळत्या रसाचा गोड, जड वास होता. तो वास कपड्यांत शिरतो. पुण्यात परतल्यावर माझ्या स्वेटरला तो कितीतरी दिवस होता आणि मी स्वेटर धुतला नाही.

माझी सोय शांताकाकूंकडे होती. त्या नीरजाच्या आईच्या मैत्रीण. त्यांचं भांड्यांचं दुकान आहे, पुढे दुकान आणि मागे घर. पहिल्या सकाळी मी उठून बाहेर आले तर काकू खिडकीपाशी बसलेल्या होत्या. अंघोळ झालेली, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, आणि गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवून त्या त्याच्याकडे पाहत होत्या. ओठ हलत नव्हते. दुकानात कुणीतरी पातेली लावत होतं, त्यांचा खणखणाट चालू होता, पण काकूंपर्यंत तो पोचत नव्हता. आमच्या घरी देव देव्हाऱ्यात असतो आणि आपण त्याच्यासमोर उभे राहतो. तळहातावर घेऊन इतकं जवळून, इतकं शांतपणे कुणाकडे पाहताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. मी दारातच थांबले.

शाळेत सगळं छान झालं. वीस मुलं, वीस टॅब. सरांनी हजेरी घेतली, मी आधीचा कागद सोडवून घेतला, टॅब वाटले, आणि वर्ग शांत झाला. इतका शांत की सर दोनदा दारातून डोकावून गेले.

"तुमच्या खेळात काय गुंगीचं औषध घातलंय का हो मॅडम? ह्या पोरांना मी चार वर्षांत गप बसलेलं बघितलं न्हाई."

वीस मुलं तळहातावरच्या उजेडाकडे पाहत होती. मला सकाळच्या काकू आठवल्या आणि लगेच त्या आठवणीची लाज वाटली. पण आतून मी हरखले होते. तो शांतपणा माझा होता, मी बनवलेला होता. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं, कुणी कुणाला हसत नव्हतं. तारे टपटप पडत होते. तिसऱ्या दिवशी मुलं विसाव्या पातळीवर होती, शेवटच्या दिवशी तिसाव्या.

एक गोष्ट मी पाहिली, पण मनावर घेतली नाही. मुलं शेताची मागणी वाचत नव्हती. बोट दारावर ठेवून ती ते थोडं वर न्यायची, थोडं खाली आणायची आणि बेडकाच्या तोंडाकडे पाहायची. बेडकाचे ओठ हसण्याकडे वळू लागले की दार तिथेच सोडून द्यायची. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांना ही युक्ती आपापली सापडली होती.

संध्याकाळी काकू जेवायला वाढायच्या. येसराच्या तिखट मसाल्याची आमटी, ज्वारीची भाकरी आणि वर तेलाची धार घातलेली शेंगदाण्याची चटणी. आमटीच्या पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि काकूंनी गुळाचा खडा ताटात ठेवला. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "मग, शिकली का पोरं?"

"काकू, इतके तारे मिळाले त्यांना! टॅबवरून निघणारा आलेख सगळा हिरवा झालाय."

"तारे राहू दे गं. शिकली का?"

दुसरा कागद मी त्याच दुपारी घेतला होता, पण तपासला नव्हता. तपासायची गरजच वाटली नव्हती. मी म्हणाले, "शिकली असणार." काकूंनी आणखी अर्धी भाकरी वाढली.

पिंगळी

परभणीला गाडी बदलताना मी खोकं सांभाळलं आणि चार्जरची पिशवी बाकावर विसरले. हे मला पिंगळीच्या स्टेशनावर उतरल्यावर कळलं. मला न्यायला आलेल्या सुरेखाबाईंनी आधी परभणीला दोन फोन लावले, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"रडू नका. पिशवी गेली, तुमी तर पोचलाव ना?"

सुरेखाबाई शाळेतल्या गणिताच्या शिक्षिका. गावातच राहतात, माझा मुक्कामही त्यांच्याचकडे होता. त्यांनी घरातला, शेजारचा आणि किराणा दुकानातला असे तीन चार्जर जमवले. वीज अर्धा दिवस असायची. सगळं धरून रोज सहा टॅब जिवंत व्हायचे. मुलं अठरा होती. एका टॅबला तिघं. प्रयोग पहिल्याच दिवशी बिघडला, असं मी वहीत लिहून ठेवलं.

आधीचा कागद झाला, टॅब वाटले. मी शांततेची वाट पाहत भिंतीला टेकून उभी राहिले. पण मिनिटभरात बेडूक रडायला लागले. एक नाही, सहाही. वर्गभर त्यांचा तो बारीक, केविलवाणा आवाज. मी जवळच्या टॅबपाशी गेले. तिथे कोमल नावाची मुलगी होती, दोन घट्ट वेण्या, आणि तिच्या दोन्ही बाजूंना सोपान आणि आणखी एक जण. कोमलचं बोट सगळ्यात शेवटच्या शेतावर होतं. बेडूक रडला. तिने पुन्हा शेवटचंच शेत दाबलं. बेडूक पुन्हा रडला.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमचा बेडूक चुकायलाय."

"तो नाही चुकत. तलावाजवळच्या शेतापासून सुरुवात करायची असते."

"कामून?"

मी तसं काढलं होतं, कारण आपण डावीकडून उजवीकडे वाचतो.

"वरच्याला आधी दिलं तर खालचा कसा भिजायचा?" तिने विचारलं. उद्धटपणे नाही. मला खरंच ठाऊक असेल, असं समजून.

"तिचा बाप पाटकरी हाय मॅडम," सोपान म्हणाला. "बेडकालाबी नोटीस देतेत बगा आता." सगळा वर्ग हसला. कोमलने सोपानच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिसऱ्यांदा शेवटचं शेत दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेखाबाई मला कोमलच्या वडिलांकडे घेऊन गेल्या. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी शेताशेतांना वाटून देणारा माणूस. ते कालव्याच्या कडेने चालत होते, आम्ही मागून. धुकं पाण्यावरून हळूहळू उठत होतं, पलीकडच्या काठावर बगळे एका ओळीत उभे होते, आणि पाणी वाहतंय की थांबलंय हेसुद्धा नीट कळत नव्हतं. मुख्य कालव्यातून एक चारी फुटली होती. तिच्या शेवटाला, जिथे पाणी संपतं, त्या जागेला ते टेल म्हणत होते.

"वरच्याला पाणी कवाबी भेटतंय ताई. त्याच्या दारातूनच जातंय ना ते. टेलवाल्याला आधी न्हाई दिलं तर त्याला भेटतच न्हाई. मनून पाळी टेलपासून सुरू. शेवटचा भिजला की त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा."

"आणि वरचे लोक थांबतात?"

ते मोठ्याने हसले. "थांबले असते तर मला कशाला ठेवलं असतं?"

मग ते बांधावर बसले आणि काडीने मातीत रेघ ओढली. "आधी समद्यांचे हिस्से मनात बांधावे लागतेत. टेलला किती, मधल्याला किती. बेरीज धरणातल्या पाण्यापल्याड गेली तर भांडण. मनून दार उघडायच्या आधीच हिशेब पक्का पाहिजे. उघडल्यावर पाणी काय ऐकत न्हाई."

बाजूच्या शेतात हुरडा भाजत होता. कोवळी, गरम, हिरवी ज्वारी त्यांनी माझ्या तळहातावर चोळून दिली. पुण्याजवळ हुरडा पार्टी नावाचा प्रकार असतो, तिथे तिकीट काढावं लागतं आणि उंटही असतो. इथे फक्त धूर होता आणि लसणाची चटणी. मी खात होते आणि मला माझा खेळ दिसत होता: माझा हसरा बेडूक, माझं तलावाजवळचं पहिलं शेत. तीन वर्षं मी कालव्याची चित्रं काढली होती आणि कालवा एकदाही पाहिला नव्हता.

त्या दुपारपासून वर्गात जे सुरू झालं ते मी थांबवू शकले नाही. मुलांनी टॅब पालथे घातले आणि ती अंगणात गेली. त्यांनी काडीने चारी आखली, सहा शेतं आखली, आणि सोपानने खिशातून चिंचोके काढले.

"हे बारा. हा समजा तलाव."

"टेलला पाव," कोमल म्हणाली. एक छेद चार म्हणजे पाव, हे तिने मला न विचारता ठरवलं होतं. "त्याच्या वरच्याला सहावा हिस्सा. दोघांचं मिळून किती?"

"चार अन् सहा दहा," सोपान म्हणाला. "दहावा हिस्सा."

"येडा हायस का? पावात आणखी घातल्यावर ते पावापेक्षा कमी कसं होईल?"

"होतंय. कागदावर होतंय."

"मोज मग."

त्याने पाव काढला, तीन चिंचोके. सहावा हिस्सा काढला, दोन. मग पाचही एकत्र करून तो त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. आजूबाजूला दहा-बारा मुलं जमली होती. सगळ्यांना दिसलं होतं की तो चुकलाय. त्याच्या जागी मी असते तर पुढचे आठ दिवस शाळेत आले नसते.

"बारातले पाच," सोपान म्हणाला. मग एकदम ओरडला, "आँ! मंग कागदावर मी काय करायलो होतो?"

"माती खायलास," कोमल म्हणाली, आणि सगळी हसली, आणि सोपानही हसला.

असं रोज चालायचं. आधी अंगणात भांडण, मग टॅब सरळ करून बेडकाच्या क्रमाने उत्तरं घालणं. उत्तर पहिल्या फटक्यात बरोबर यायचं, पण तोवर खेळातली वेळ संपलेली असायची आणि तारा मिळायचा नाही. आठवडा संपला तेव्हा पिंगळीची मुलं सातव्या पातळीवर होती. संस्थेच्या साहेबांना रोज दिसणाऱ्या आलेखात गंगाखेड हिरवं होतं आणि पिंगळी लालभडक.

शनिवारी दुपारी मी बाईंच्या ओट्यावर बसून गंगाखेडचे कागद तपासले. आधीचे आणि नंतरचे, एकाखाली एक ठेवून. एक छेद चार अधिक एक छेद सहा बरोबर एक छेद दहा. आधीही, नंतरही. जवळजवळ सगळ्यांचं. मी पुन्हा तपासले. ऊन ओट्यावरून सरकून अंगणात गेलं तरी मी तपासतच होते. तीस पातळ्या, आणि कागदावर काहीच हललेलं नव्हतं. ती मुलं बेडकाचा चेहरा वाचायला शिकली होती.

येलदरी

रविवारी सुरेखाबाई म्हणाल्या, "चला, धरण बघून येऊ. तुमचं तोंड बगवत न्हाई." परभणी, जिंतूर करत आम्ही एसटीने येलदरीला गेलो. वाटेत त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. कुणी असं टेकलं की मी आक्रसते, पण तेव्हा मी हलले नाही.

येलदरीला पूर्णेचं पाणी इतकं पसरलं आहे की पलीकडचा काठ धुरकट, कल्पनेतला वाटतो. दुपार होती, पण उन्हाला धार नव्हती. दूर मासेमारांच्या दोन होड्या होत्या. त्या हलत नव्हत्या, त्यांच्या पाण्यातल्या सावल्या मात्र हलत होत्या. वीजघराकडून एक अखंड गुणगुण येत होती, आणि थोड्या वेळाने ती आपल्याच डोक्यातली वाटायला लागायची. काठावरच्या टपरीत मासे तिखटात घोळून तळत होते. कागदावरचे गरम मासे घेऊन आम्ही दगडावर बसलो. काटा काढता येईना म्हणून बाईंनी माझ्या वाटणीचे काटे काढून दिले, पोरीला द्यावेत तसे.

मी त्यांना गंगाखेडच्या कागदांबद्दल सांगितलं. आम्ही खोली बंद करणार, तेही सांगितलं. इतकं मी कुणाला एका वेळी सांगत नाही.

"हा खेळ तुमी कामून केलाव?" त्यांनी विचारलं.

"वर्गात चुकायची भीती वाटायची मला. खेळात चुकलं तर कुणाला दिसत नाही."

"खरं सांगू का, तुमचं खोकं बघून मीच घाबरले होते. मनलं, आता आपलं काय काम? अन् मग तो सोपान. पाचवीपासून दहावा हिस्सा करतोय तो. मी फळ्यावर शंभरदा खोडलं असल. पण तो दहावा त्याच्या डोक्यात कुठं बसलाय, हे मला कवा दिसलंच न्हाई. परवा दिसलं. त्यालाबी दिसलं, पोरांनाबी." त्यांनी बोटं कागदाला पुसली. "न दिसलेलं कसं दुरुस्त करायचं, तुमीच सांगा."

होडीतल्या माणसाने जाळं फेकलं. ते हवेत गोल उघडलं, क्षणभर तसंच थांबल्यासारखं वाटलं, आणि पाण्यावर उतरलं. आवाज आमच्यापर्यंत आला नाही.

पुन्हा पिंगळी

मंगळवारी मी दुसरा कागद घेतला आणि मधल्या सुट्टीत तिथेच तपासला. बहुतेकांनी बारातले पाच काढले होते. समासात बारा ठिपके होते, चाऱ्या होत्या, एकाने टेलला छोटं झोपडंही काढलं होतं. दोघं-तिघं तशीच अडकलेली होती, त्यांच्यापर्यंत अंगणातलं भांडण पोचलं नव्हतं. पण बाकीची हलली होती. मी कागद छातीशी धरून बसून राहिले.

त्याच दुपारी संस्थेचे साहेब गाडीने आले. सौम्य, नीटनेटके गृहस्थ. त्यांनी मुलांसोबत फोटो काढला, चहा घेतला आणि आपल्या फोनवरचा आलेख माझ्यापुढे धरला.

"गंगाखेड उत्तम आहे. हे गाव तेवढं वगळू या. वीज नव्हती, टॅब कमी पडले, प्रयोग बिघडला, असं लिहून टाका. कागदांचं राहू द्या, गंगाखेडच्या ताऱ्यांवर मी मंजुरी घेतो. तुमचा खेळ पुढच्या वर्षी शाळांत असेल."

इतकं सोपं होतं. मान हलवायची होती फक्त, आणि मान हलवणं मला बोलण्यापेक्षा नेहमीच सोपं जातं. प्रयोग बिघडला हे तर मी स्वतःच वहीत लिहून ठेवलं होतं. मला नीरजा दिसली, आमची खोली दिसली, खिडकीतला तिचा मनीप्लांट दिसला. वर्गाच्या दारात कोमल आणि सोपान रिकामे कप न्यायला उभे होते आणि आमचं बोलणं उघडपणे ऐकत होते.

"सर," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की साहेब पुढे झुकले. "गंगाखेडची मुलं अपूर्णांक शिकली नाहीत. ती खेळ शिकली. इथली मुलं अपूर्णांक शिकली." मी दोन्ही गठ्ठे त्यांच्यापुढे ठेवले. वरच्या गठ्ठ्यात माझी चूक होती, ती त्यांना दिसणार होती. दिसू दिली.

त्यांनी कागद पाहिले. घाईने नाही, नीट पाहिले. "म्हणजे तुमचा खेळ चालत नाही, असं तुम्हीच सांगताय मॅडम?"

"एकटा चालत नाही. आणि क्रमही चुकलाय त्यात."

"लय चुकलाय," दारातून कोमल म्हणाली. सुरेखाबाईंनी तिच्याकडे डोळे वटारले.

साहेब हसले. "संस्थेला वस्तू लागते मॅडम. खोक्यात भरून पाठवता येईल अशी. भांडण मी कसं पाठवणार?" त्यांनी गठ्ठे मला परत दिले. मी अहवाल लिहिला तसाच पाठवला, दोन्ही गावांसह.

निघताना सुरेखाबाईंनी धपाटे बांधून दिले. बाईंनी मला मिठी मारली आणि मीही मारली, थोडी उशिरा.

पुणे

नकार दोन महिन्यांनी आला. खोली आम्ही सोडली. नीरजाने नोकरी धरली, मी इतरांच्या पुस्तकांना चित्रं काढते. तरी रविवारी ती माझ्याकडे येते आणि आम्ही खेळ पुन्हा उघडून बसतो. आता तो टेलपासून सुरू होतो. बेडूक काढून टाकला, कारण त्याचा चेहरा वाचता येत होता. एका टॅबला तिघं, असं पहिल्याच स्क्रीनवर लिहिलं आहे.

परवा आम्ही प्रत्येक पातळीचा शेवट ठरवत होतो. मी म्हणाले, इथे स्क्रीन काळा करायचा. नीरजाने कागदावर लिहिलं: एक मिनिट, काळा.

"काळ्यावर काय दाखवायचं?"

"काहीच नाही."

"मग मुलं काय करतील?"

"भांडतील."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहणारी, भांडण ऐकून खोलीबाहेर जाणारी, हे तिला ठाऊक आहे. "एक मिनिट पुरेल?"

"नाही," मी म्हणाले. "बाई पुरे म्हणेपर्यंत."

नीरजाने एक मिनिट खोडलं.